आलेल्या टेपवरच उत्तर

मार्च लागला की माझ्या डोक्यात एक म्हातारा गिटार वाजवायला लागतो. ही तक्रार आहे, कौतुक नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये तिसरी घंटा होते, पंचवीस माना खाली जातात, पंख्याचा कटकट आवाज तेवढा उरतो आणि मग ती तार सुरू होते. एकच तार. तो ती बोटाने बाजूला ओढतो, ओढून धरतो, सोडतच नाही. मी उत्तरपत्रिकांवर सह्या करत बाकांमधून फिरते. कोणाला ग्राफपेपर हवा असतो, कोणाला पाणी. सगळं देते. तार चालूच.

मी केमिस्ट्री शिकवते. गोंधळ मला आवडत नाही. विद्यार्थ्यांना मी सांगते, उत्तर येत नसेल तर जागा सोडा, पुढे जा, पण उगाच पानं भरू नका. आणि स्वतः मात्र एकाच प्रश्नावर गेली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं, दर मार्चला, अडून बसले आहे. दादाने ती टेप का पाठवली होती?

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही पोलादपुरात राहायचो, कॉलेज महाडला. अण्णा, म्हणजे वडील, पोलादपूरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. महाबळेश्वरकडून घाट उतरून आलेली गाडी, मुंबईकडे जाणारी गाडी, सगळ्या गाड्या त्यांच्या आवाजाने लागायच्या आणि सुटायच्या. घरीही ते तसेच बोलत. "जेवण लागलेलं आहे. हात धुऊन घेणे." आई शिवथरची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माणसाच्या नुसत्या पावलांवरून त्याचा दिवस कसा गेला ते ती ओळखायची. आणि दादा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, नंदकुमार. महाडच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट फिटर होता, तिथून आखातात एका रिफायनरीत गेला. तीन वर्षांचा करार होता.

त्या काळात आमच्या भागातून आखातात गेलेल्या माणसांची घरं टेपवर चालायची. फोन होता, पण त्यात आपलाच आवाज मागून परत यायचा आणि आई घाबरून रिसीव्हर माझ्या हातात द्यायची. म्हणून कॅसेट. सुट्टीवर येणाऱ्या कुणाबरोबर तिकडून टेप यायची, घरातले सगळे टू-इन-वनभोवती बसून ती ऐकायचे, दोन-चार दिवस परत परत ऐकायचे, आणि मग त्याच टेपवर उत्तर भरायचे. आलेल्या टेपवरच उत्तर. नवी कॅसेट आणायची नाही, असा जणू कायदाच होता. बोललेलं ऐकून झालं की त्याचं काम संपलं. चहा पिऊन झाल्यावर कप विसळतो, तसंच. दादाच्या पहिल्या अडीच वर्षांचे सगळे आवाज आम्ही असेच विसळून टाकले. कुणाला त्यात काही वाटलं नाही.

आमची टपालाची सोय म्हणजे दासगावचे हमीदभाई. दादाच्याच रिफायनरीत होते. त्या मार्चमध्ये ते सुट्टीवर आले, तेव्हा माझी प्रॅक्टिकल्स आठवड्यावर आली होती. एक साबणाचा खोका, आईसाठी बाम आणि दोन कॅसेट घेऊन दुपारी घरी आले.

"पोरगा कसा हाय?" आईने विचारलं.

"बरा हाय वहिनी. एकदम बरा." हमीदभाईंनी चहा इतक्या घाईने संपवला की त्यांचं तोंड भाजलं असणार. "करार संपत आला त्याचा. वाढवायचा का नाय, ते काय बोलला नाय मला. टेपमदी सांगितलं असंल. दहा दिवसांनी निघतो मी, तवर भरून ठेवा."

ते गेले आणि आम्ही टेप लावली.

गिटार. मग एक माणूस गायला लागला.

अण्णा म्हणाले, "थांबा. सुरुवातीला गाणं टाकलं असेल. हौस."

आम्ही थांबलो. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, दुसरं लागलं. अण्णा खुर्चीत ताठ बसले होते, स्टँडवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहताना बसायचे तसे. पूर्ण बाजू संपली. मी कॅसेट उलटली. तिकडेही तोच माणूस. दुसरी कॅसेट लावली. तोच, फक्त तरुणपणीचा. मधल्या प्रत्येक शांत जागेत आई पुढे वाकायची आणि परत मागे व्हायची. दीड-दोन तासांत दादाचा एक शब्द आला नाही.

"हा बोलत का नाय गो?" आई मला विचारत होती, जणू मीच त्याला गप्प बसवलं होतं.

पहिल्या कॅसेटच्या कव्हरवर एक काळा म्हातारा होता. चॉकलेटी सूट, हॅट, आणि मांडीवर लाल गिटार, तिला वायर जोडलेली. बोटं जाड, आमच्याकडच्या भात लावणाऱ्या माणसांसारखी. डोळे मिटलेले. मागे बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की ही लोकांसमोर वाजवलेली रेकॉर्डिंग्ज होती, उतारवयातली. याला ब्लूज म्हणतात हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आवाज चांगला आहे असंही म्हणता आलं नसतं. खरखरीत, मध्येच बोलल्यासारखा. तो एक ओळ म्हणायचा आणि गप्प व्हायचा, मग गिटार बोलायची. तीच ओळ परत. परत गिटार. मग तिसरी ओळ, वेगळी. गिटारला वायरमुळे एक धार आली होती. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये चढते तेव्हा येतो तसा घासलेला, दमलेला आणि तरी न थांबणारा आवाज.

"याचं कोण गेलंय?" आईने विचारलं.

"कोणी गेलं नाही. गाणं आहे ते," अण्णा म्हणाले.

"रडत नाय हा. रडून झालंय ह्याचं."

अण्णांनी निष्कर्ष काढला, "यंत्रात बिघाड. त्याने भरलं असणार, उठलं नाही. खालचं जुनं गाणं तसंच राहिलं." आम्हाला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. कारण दुसरी शक्यता अशी होती की तो मुद्दाम बोलला नव्हता, आणि तिचं काय करायचं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

आता मागे पाहिलं की मला त्या दहा दिवसांचे नुसते तुकडे दिसतात. सावित्रीचं पाणी डोहांपुरतं राहिलेलं. शिमग्याची पालखी नुकतीच फिरून गेलेली, अंगणात अजून गुलाल. संध्याकाळी महाडहून परतताना एमआयडीसीकडून येणारा तो सडक्या फळासारखा वास, ज्यावरून आम्ही मुली आज कुठलं सॉल्व्हंट सोडलंय ते ओळखायचा खेळ खेळायचो. माडीवरची कौलं दुपारी इतकी तापायची की मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन वाचायची. आणि त्या टॉवेलखाली तो म्हातारा. दुसरी कॅसेट मी माझ्याकडे ठेवली होती, तरुणपणीची. त्याचे शब्द कळत नसल्यामुळे अभ्यासात लुडबुड होत नव्हती, एवढाच हेतू. पण एकदा मी मोजत बसले. चार-चार ठोक्यांची बारा घरं, की परत पहिल्यापासून. दरवेळी तेच. एवढ्याशा चौकटीत हा माणूस आयुष्यभर वाजवत राहिला, आणि कंटाळला कसा नाही? मग लक्षात आलं की बेंझिनला सहाच कार्बन असतात आणि त्यावर माझा अख्खा पेपर उभा आहे.

हे सगळं मला आठवतं. मात्र दादाबद्दल मी तेव्हा नेमका काय विचार करत होते, ते आठवत नाही. काळजीत होते की रागावले होते? परीक्षेच्या वेळी असला घोळ घातला म्हणून रागावलेच असेन.

उत्तर भरायचं ठरलं म्हाताऱ्याच्या उतारवयातल्या कॅसेटवर. अशा विकतच्या कॅसेटला वरच्या कडेला दोन भोकं असतात. त्यावर दुसरं काही भरलं जाऊ नये म्हणून कंपनीनेच ती ठेवलेली असतात. आमच्याकडे मात्र ती म्हणजे बुजवायची भोकं. चिकटपट्टी लावली की झालं. ती मीच लावली. कात्रीने नीट कापून, कडा अंगठ्याने दाबून. त्या कामात मी पटाईत होते.

अण्णा पहिल्या पाळीहून आले, जेवले, शर्ट बदलून माइकसमोर बसले. मधेच थांबून विचार करायची त्यांना सवय. थांबले की बटण बंद करायचे, आणि परत चालू करताना हमखास चुकून आधी गाणंच लावायचे. पंधरा-वीस सेकंद म्हातारा गायचा, मग अण्णा "हं" म्हणून बरोबर बटण दाबायचे.

"पोलादपूरहून अण्णा बोलत आहेत. तुझी टेप मिळाली. त्यावर आवाज नव्हता. यंत्र तपासून घेणे. इकडे सर्व ठीक. करार संपत आल्याचे कळले. दोन वर्षे वाढवून घेणे. लागलेली नोकरी आहे, इकडे परत येऊन एमआयडीसीच्या गेटवर उभं राहण्यात अर्थ नाही."

मग आई. "नंदू, जेवतोस ना रे? तुझा आवाज नाय आला. तो कोण गातो तो? त्याला म्हणावं पाणी पी जरा."

माझी पाळी दुसऱ्या दिवशी दुपारी. आई खाली होती, अण्णा स्टँडवर. मी परीक्षेचं सांगायला बसले आणि दुसरंच बोलले. "दादा, यंत्र बिघडलेलं नव्हतं ना? तू बोलला नाहीस, तेव्हापासून मला काही सुचत नाही. तुला यायचंय का? अण्णांचं मनावर घेऊ नकोस. यायचं असेल तर ये. ये तू."

बटण बंद केलं आणि मागे वळले तर दारात अण्णा. ड्यूटीतून चष्मा न्यायला आले होते.

"पुसून टाक ते," ते म्हणाले. रागावले नव्हते. "परक्या मुलखात एकटा आहे. त्याचं चित्त हलवू नये. परीक्षेचं सांग."

मी टेप मागे घेतली आणि परीक्षेचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हमीदभाई टेप घेऊन गेले. महिन्याभराने दादाचं पत्र आलं, करार वाढवला. त्या दोन वर्षांत माझं लग्न झालं. त्याला रजा मिळाली नाही. करवल्याचा मान चुलतभावाने घेतला आणि फोटोत तोच सगळीकडे आहे.

दादा परत आला तो त्यानंतर. पुन्हा एमआयडीसीतच लागला, लग्न केलं, महाडला घर घेतलं. मी त्याला विचारलं नाही असं नाही. एकदा म्हणाला, "चुकून दुसरी कॅसेट पिशवीत पडली." दोन्ही? एकदा म्हणाला, "अण्णांना आवडेल वाटलं." अण्णांना! एकदा तर म्हणाला, "कुठली टेप?" तीन उत्तरं, तिन्ही एकमेकांना खोडणारी. माझ्या विद्यार्थ्याने अशी लिहिली असती तर मी शून्य दिलं असतं.

अण्णा जाऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या रविवारी दादाचा फोन आला. "जुना डेक दुरुस्त केलाय. ती टेप अजून वाजते. येतेस? अण्णा आहेत त्यात."

ती टेप त्याने इतकी वर्षं ठेवली होती, हे मला माहीत नव्हतं. आम्ही सगळे आवाज विसळून टाकणारी माणसं. हा एकच कप न विसळता राहिला होता.

त्याच दुपारी महाडला पोचले. वहिनी माहेरी गेली होती. दादाने पिठलं-भात केला होता, भात गिचका. जेवलो आणि त्याने डेक जमिनीवर ठेवला. आम्ही दोघं मांडी घालून बसलो, पूर्वीसारखे, फक्त आता उठताना दोघांचे गुडघे वाजतात.

अण्णा बोलले. "पोलादपूरहून अण्णा बोलत आहेत." दादा हसला, मीही. मग अण्णा विचार करायला थांबले आणि मधून म्हातारा आला. एक ओळ, गिटार, तीच ओळ, गिटार. आणि नेमकं तिसऱ्या ओळीच्या जागी अण्णा, "दोन वर्षे वाढवून घेणे."

"काय म्हणतो रे तो?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं.

"म्हणतो, सांगा, दार उघडं आहे का. दोनदा म्हणतो."

"आणि तिसऱ्यांदा?"

"ते अण्णांनी पुसलं ना."

मी फोन काढला. हल्ली सगळं सापडतं. म्हाताऱ्याने ते गाणं पन्नासेक वर्षं गायलेलं होतं. तरुणपणी तिसरी ओळ अशी, की नसेल उघडं तर तोडून येईन. मधल्या वयातल्या एकात म्हणतो, नसलं तरी शेजारणीचं आहे, आणि लोक हसतात. मी एकेक लावत गेले. कोऱ्या कागदावर तक्ता करावा असं वाटायला लागलं. उतारवयातल्या एका रेकॉर्डिंगमध्ये तो तिसरी ओळ म्हणतच नाही, नुसती तार ओढून धरतो.

"यातलं आपल्या टेपवर कुठलं होतं?"

"आठवत नाही."

"अरे पण तू ती रोज ऐकायचास ना? आठवायला नको?"

"रोज ऐकायचो ते नंतर अण्णांना. वर अण्णा बसल्यावर खालचं कसं आठवणार?"

टेप पुढे चालली होती. आई येऊन गेली, पाणी पी म्हणाली. मग माझा आवाज आला, पातळ आणि घाईचा. "दादा, अभ्यास चांगला चाललाय. सोमवारी ऑरगॅनिक आहे. बाकी ठीक. काळजी घे." खट्. मी उठणार होते, चहा टाकायला. दादाने हात केला, थांब.

एक क्षण काही नाही. आणि मग तोच आवाज, पण खालच्या पट्टीत, अगदी जवळून: "...असेल तर ये. ये तू." खट्. आणि म्हाताऱ्याची गिटार, ओळीच्या मधूनच.

मला समजायला वेळ लागला. मग समजलं. परीक्षेचं बोलणं आधीच्या बोलण्यापेक्षा आखूड होतं. जितकं त्याच्याखाली आलं तितकं पुसलं गेलं. शेवट बाहेर राहिला. मी टेप पुढे जाऊन तपासली नव्हती. मी, जी मुलांना म्हणते, पेपर देण्याआधी शेवटचं पान बघा.

"हे तुला तेव्हा ऐकू आलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग आला का नाहीस?"

दादा डेककडे बघत होता. "इन्स्ट्रुमेंटचा माणूस मी. पुसलेल्या टेपचं राहिलेलं टोक मला कळत नाही होय? म्हटलं, तायडीने आधी ये म्हटलं, मग विचार केला आणि पुसलं. म्हणजे मागे घेतलं. मागे घेतलेलं कसं धरायचं?"

"मी नव्हतं पुसलं! म्हणजे पुसलं मीच, पण अण्णा दारात होते. ते म्हणाले पुस."

"ते टेपवर नाही ना."

नव्हतं. अण्णा दारात उभे होते, हे टेपवर नव्हतं. तसंच तिकडे त्याच्या खोलीत काय होतं, हे आमच्याकडे आलेल्या टेपवर नव्हतं.

"तुला यायचं होतं का तेव्हा?" मी विचारलं. "एक काय ते उत्तर दे. तीन नकोत."

त्याने टेप थांबवली. "बोलता येत नव्हतं, एवढं खरं. पाच-सहा वेळा बटण दाबलं. नुसता एसीचा आवाज भरला जायचा. मग म्हटलं, हा म्हातारा बोलेल. याचं बरं असतं. यायचं होतं की नव्हतं, ते अण्णांचं ऐकून ठरलं. आणि मग ते टोक ऐकून परत बिनसलं. आता तू विचारशील तर, मला खरंच सांगता नाही येणार गं."

हे उत्तर मी कसं तपासायचं? खोडलेलं काही नाही, आणि बरोबर आहे असंही नाही. मी चहा टाकला. आम्ही टेप मागे घेऊन तेवढंच टोक परत ऐकलं, आणि परत. चौथ्या वेळी ते मला माझं वाटेना. दोन ओळी झाल्यावर कुणीतरी तिसरी म्हणावी, तसं वाटायला लागलं. पण दोन ओळी तिथे नाहीत. त्या अलीकडे, अण्णांच्या बोलण्याच्या पोटात आहेत. मी हा विचार तिथेच सोडला.

तो मला स्टँडवर सोडायला आला. उन्हं कलली होती, पहिल्या पाळीचे लोक मोटरसायकलींवरून परतत होते आणि हवेत तोच जुना वास. कंट्रोलरच्या खिडकीतला तरुण पोलादपूरची गाडी लागल्याचं सांगत होता, पण त्याला अण्णांसारखा शेवटचा शब्द ओढायची अक्कल नव्हती. दादाही तेच ऐकत असावा.

गाडीत चढले, खिडकी गच्च बसली होती ती दोन्ही हातांनी ढकलून उघडली. तो खाली उभा होता, एक हात पत्र्यावर ठेवून.

"पुढच्या रविवारी पोलादपूरला माझ्याकडे ये," मी म्हटलं. "वहिनीला घेऊन. जेवायलाच."

"बघू."

"बघू नाही. ये तू."

गाडीने गिअर टाकला, घासलेला आवाज आला. तो गाडीबरोबर चार पावलं चालला.

"येतो," तो ओरडला. "आता मागे जाऊन पुसू नकोस म्हणजे झालं."